मुडीतली पुस्तकं

सुपे, आषाढ शुद्ध दशमी, शके १८३३

अण्णा,

तुझं पत्र आलं. हे वाक्य मी आधी रद्दी कागदावर लिहून बघितलं, खरं वाटेना म्हणून. दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि आज टपालवाला भिजल्या पिशवीतून तुझ्या अक्षराचा लखोटा काढतो. मी दुकानात मीठ मोजत होते. मापटं तसंच मिठात टाकून मागच्या दारी पळाले. गिऱ्हाईक म्हणालं, "शेटाणीला काय झालं वो?" तर मालक म्हणाले, "माहेर झालं." ह्या माणसाला दिवसाकाठी चार शब्द पुरतात, पण कधी कधी ते चार बरोबर पडतात.

तुला नमस्कार करायचा राहिला, तो इथं करते. पत्रात थोरल्या भावाला 'तुम्ही' लिहावं असं आबा शिकवायचे. पण आधीच रागावलेला भाऊ, त्याला 'तुम्ही' म्हटलं की आणखी दोन कोस लांब जाईल. म्हणून 'तू'च लिहिते. राग यायचा तर येऊ दे.

बेळगावच्या वाचनालयात आबांच्या नावाचं काचेचं कपाट होणार, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू. खानापूरच्या शाळेत जन्मभर खडूची पूड खाल्लेला आपला बाप, त्याचं नाव काचेवर सोनेरी अक्षरात. आबा लाजून चूर झाले असते. कपाटात त्यांची पुस्तकं ठेवायची, म्हणून पेटी पाठवून दे म्हणतोस. "जी पेटी तू बाराव्याच्या गडबडीत कुणाला न विचारता गाडीत घालून नेलीस" हेही लिहायला विसरला नाहीस. बरं केलंस. ते नसतं तर हे पत्र तुझंच आहे असं मला पटलं नसतं.

पेटी मी नेली, व्हय. घर तुझं, शेत तुझं, आंब्याची दोन्ही झाडं तुझी. मी एक पेटी नेली. ह्यावर पुन्हा भांडायचं असलं तर समोर येऊन भांड, मला फार आवडेल.

आता पुस्तकांचं. पुस्तकं सुखरूप आहेत. वाळवी नाही, कसर नाही, पावसाचा एक थेंब नाही. तुझ्या वाचनालयातल्या पुस्तकांबद्दल इतकं ठामपणे कुणी सांगून दाखवावं. पण आत्ता पाठवता येणार नाहीत. काळी नदी दोन्ही काठांना लागून चाललीय, गाड्या बंद आहेत. दिवाळी झाली की लोंढ्याची वाट सुरू होते. तेव्हा पेटी कशाला, तूच ये.

तुझी,
रुकू

जहाजाचं पुस्तक कसं आहे, असं तू खाली बारीक अक्षरात विचारलंयस. मजेत आहे.


सुपे, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

अण्णा,

पेटी उघडून बघ आणि एकेका पुस्तकाचं कव्हर कसं आहे ते लिही, म्हणतोस. पेटी उघडली. पेटी उत्तम आहे. बिजागऱ्यांना तेल घातलं, आता कुरकुरत नाही.

तू आता दात खाणार. खा. पण आधी मला फुलाबद्दल सांगू दे, कारण ते सांगितल्याशिवाय मला कव्हरांबद्दल काही लिहिता येत नाही.

फुला दिग्गीची. दिग्गी म्हणजे इथून आत, रानातून चालत जायचं गाव, घाटाच्या तोंडाशी. कुणबी लोक, भात करतात, कंद करतात, हिरडा आणि मध घेऊन आमच्या दुकानात येतात आणि मीठ, सुकी मासळी घेऊन जातात. आबा गेले त्या वर्षी, मी खानापूरहून परत आले त्याच पावसात, फुला नवऱ्याबरोबर बाजाराला आलेली नदीच्या खडकावर घसरली. घोटा हा असा सुजला. नवरा बिचारा नागू, त्याची लावणी राहिलेली, तो गेला. नदी चढली. फुला आमच्या मागच्या पडवीत राहिली.

मी तेव्हा दिवसभर पेटी उघडून बसायची. आबा नाहीत, तू बोलत नाहीस, मूल नाही, आणि पाऊस. जहाजाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची, आबा वाचायचे तसं, वादळ आलं की आवाज चढवून. एक दिवस पडवीतून आवाज आला, "आक्का, मग त्ये जहाज बुडालं काय?"

अण्णा, मी वाचता वाचता थांबले. तू आठ वर्षांचा असताना हेच विचारायचास. रोज विचारायचास, बुडत नाही हे माहीत असून.

मी म्हटलं, "ये आत, सांगते." ती म्हणाली, "पाय मोडलाय. तुमी भायर या." मी बाहेर गेले. आणि तिथून पुढं मी बाहेरच आहे म्हण ना.

ताटात कण्या पसरून मी तिला अक्षरं काढून दाखवली. पोरगी हावरी निघाली. अ काढला की म्हणायची, फुडं. क काढला की, फुडं. मालक कण्या शोधत यायचे, तर ताटात 'फुला' लिहिलेलं. पाय बरा झाला तोवर ती अडखळत वाचायला लागली होती, आणि जाताना लुगड्याच्या पदराआड जहाजाचं पुस्तक घेऊन उभी राहिली. मागायचं धाडस नाही, ठेवायचंही मन नाही. मी म्हटलं, "उसनं ने. वाचून झालं की आण."

'उसनं' हा शब्द मी वापरला. शेजारणीला वाटीभर साखर देताना म्हणतो तसा. त्या शब्दाचा दिग्गीत काय अर्थ आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते पुढं लिहीन, आत्ता टपाल निघालंय.

एवढंच सांगते की जहाजाचं पुस्तक आत्ता घरात नाही.

रुकू


सुपे, भाद्रपद, गणपती पोचवून आल्यावर

अण्णा,

"पुस्तकं कुठं आहेत ते एका ओळीत लिही." बरं. दिग्गीत आहेत, चुलीवरच्या माळ्यावर, भाताच्या पेंढ्यात.

आता खाली बस आणि पुढच्या ओळी वाच. बेळगावात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी काय बघितलं ते ऐक, आणि मग काय ते बोल.

फुलानं पुस्तक नेलं ते चार महिने आलंच नाही. मी मनातून त्यावर पाणी सोडलं होतं. मार्गशीर्षात ती सासऱ्याबरोबर आली, डोक्यावर पेंढ्याचं गोल गाठोडं. ह्याला इथं मुडी म्हणतात. बियाण्याचं भात पेंढ्यात गच्च बांधायचं, पेंढ्याच्याच दोरीनं आवळायचं आणि चुलीवर माळ्यावर ठेवायचं, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. फुलानं मुडी माझ्यापुढं ठेवली, दोरी सोडली, आणि आतून जहाजाचं पुस्तक निघालं. काळं झालं होतं, धुराचा वास मारत होतं, कोपरे सगळे गोल. पण कोरडं खडखडीत. म्हणून म्हणते, वाळवी नाही, कसर नाही. खोटं लिहिलं नव्हतं मी.

पुस्तक हातात घेतलं तर जड लागलं. मागं बघते तर चार पानं जास्त. आमच्याच दुकानातले पुडीचे कागद, कापून, केळीच्या सोपाच्या धाग्यानं शिवलेले. त्यावर हिरड्याच्या शाईनं फुलाच्या वाकड्या अक्षरात एक गोष्ट. त्यांच्या गावच्या बाईची, जिनं वाघाला घराबाहेर थांबवून आधी पोराला जेवू घातलं.

मी विचारलं, हे काय? तर फुला म्हणाली, "सवाई."

दिग्गीत कुणाचं बियाणं नासलं तर दुसऱ्या घरच्या मुडीतून उसनं नेतात, आणि पीक आलं की सव्वापट परत करतात. चाराला पाच. लिहिणं नाही, साक्षीदार नाही. देणारा मुडीची एक पेंढ्याची काडी मोडून घेणाऱ्याच्या हातात देतो, ती कमरेला खोचली की झालं, देणं बसलं. फुला पुस्तक घेऊन घरी गेली तेव्हा तिच्या सासऱ्यानं, धाकलूनं, पहिलं हेच विचारलं, "उसनं आणलंस गो, मग वाडीव काय देनार?" सगळं घर महिनाभर काळजीत. पुस्तकाला सव्वा पुस्तक कुठून आणायचं? शेवटी धाकलूच म्हणाला, बुकात गोष्टी हाईत न्हवं, मग आपण बी गोष्टच घालू.

मी हसले नाही. हसायला आलं होतं, पण ती दोघं इतक्या काळजीनं माझ्या तोंडाकडं बघत होती की मी पानं मोजल्यासारखी केली आणि म्हटलं, भरली सवाई. आणि लगेच पेटीतलं दुसरं पुस्तक काढून दिलं.

तिथून सुटलंच ते. जहाजाचं पुस्तक पुन्हा गेलं, राणीचं बुक गेलं. गुरांच्या दुखण्याचं गेलं, त्याच्या तर प्रत्येक पानावर शेणाचं बोट आहे, कारण एकानं वाचायचं आणि एकानं तिथंच गोठ्यात करून बघायचं. भूगोल गेला. गेल्या फाल्गुनात मालक हिरडा घ्यायला दिग्गीला निघाले तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. पाय सोलवटले, पण जे बघितलं ते जन्मात विसरणार नाही. धाकलूच्या अंगणात सगळं गाव. फुला मध्ये. तिनं जहाजाचं पुस्तक मांडीवर ठेवलं, आणि हात काढून घेतला. पुस्तक आपलं आपण उघडलं, वादळाच्या पानावर. बाकी कुठंच उघडायला तयार नाही. गावात एकानंही समुद्र बघितलेला नाही, पण सगळ्यांना रोज वादळच पाहिजे. त्या पानावरची छपाई बोटांनी पुसून गेलीय, तीन ओळी दिसतच नाहीत. फुला तिथं न अडता तशीच पुढं जाते, आणि तिनं शब्द गाळला तर पुतळी, तिची सासू, भात कांडता कांडता उखळाकडून ओरडते, "शिडाचं ऱ्हायलं की गो!"

पुतळीला एक अक्षर येत नाही. पण कुठलं पान कुठल्या डागाचं ते तिला माहीत आहे. हळदीचं बोट आलं की राणी पळते, तेलाचा थेंब आला की राजा मरतो. डागांवर हात ठेवून गोष्ट सांगते ती.

तुला राग येतोय, मला दिसतंय. कपाटाला कोरी पुस्तकं पाहिजेत. पण दिग्गीत दुसरं छापील पान नाही रे. ही नेलीस तर त्यांचं सगळंच गेलं. आणि मी नाही दिली तर तू जातोस, ह्या खेपेला कायमचा. मला पुस्तकं तिथं राहायला पाहिजेत आणि मला तूही पाहिजेस. दोन्ही एकदम मागते. धाकट्या बहिणीनं नाही मागायचं तर कुणी?

रुकू


सुपे, घटस्थापना

अण्णा,

तुळशीचं लग्न झाल्यावर तू येणार. स्वतः येणार. "पुस्तकं मोजून ताब्यात घेण्यासाठी" येणार असं लिहिलंयस, पण मी 'येणार' एवढंच वाचते. मालकांनी तुझ्यासाठी खोलीचा कूड सारवून घेतला. मी त्यांना तीनदा विचारलं, अण्णाला इथलं पाणी बाधेल का, तर म्हणाले, "माणूस हाय का केळ?"

दिग्गीला निरोप पाठवलाय की सगळी पुस्तकं घेऊन या. एक भूगोल गेल्या बाजाराला परत आला होता, तो मी तुझ्यासाठी साफ करायला घेतला. शिळ्या भाकरीनं पानं घासली. भाकरी काळी झाली, पान होतं तसंच. मग वाकलेली पानं सरळ करायला पाटा ठेवला वर, तर मधली शिवण सुटली. आता त्याला हात लावत नाही. तू बघशील तसा बघ.

घाबरले आहे मी. पण जास्त आनंदच आहे, खरं सांगायचं तर. काल मिठाऐवजी गिऱ्हाईकाला साखर घातली.

रुकू


सुपे, कार्तिक वद्य पंचमी

अण्णा,

तू जाऊन चार दिवस झाले. लोंढ्याला गाडी मिळाली का, अंग दुखलं का, काही कळवलं नाहीस. मग मीच लिहिते, कारण तुला त्या दिवशीचं अर्धंच माहीत आहे. तू ओसरीवर पाठ फिरवून बसला होतास. मागच्या दारी काय चाललं होतं ते तुला कुठं दिसलं?

रिकामी पेटी बघून तू म्हणालास, "रुकू, तू आबांची शेवटची वस्तू रानात उधळलीस." ते मला फार लागलं. मी काही बोलले नाही हे बघून मालक घाबरले, मी आजारी आहे असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात ढोल ऐकू आला. तुला वाटलं असेल कुणाचं लग्न. ती दिग्गी होती. कापणी टाकून आले होते, अण्णा. ज्यांच्याकडं कापणीत पाणी प्यायला सवड नसते ते सगळं टाकून, नव्या पेंढ्याची ही एवढी मुडी करून, दोघांच्या खांद्यावर वासा घालून, ढोल वाजवत आणली. पहिलं बियाणं आणतात तशी. धाकलूनं डोक्याला धुतलेलं पागोटं बांधलं होतं.

मुडी पुढच्या दारी ठेवण्याआधी फुला मागं आली. तोंड पांढरं. पदराखालून जहाजाचं बुक काढलं आणि म्हणाली, "आक्का, ह्ये येक तुमी लपवा. हरवलं म्हना. आमी वरीसभर ह्येच वाचू."

मी घेतलं. खरं सांगते, मी घेतलं आणि तांदळाच्या कणगीत खुपसलं. वर तांदूळ सारखे करत होते तोवर धाकलू दारात. त्यानं बघितलं. सुनेला म्हणाला, "पावण्याफुडं मुडी कमी ठेवायची न्हाई. काड त्ये." फुला रडायला लागली. मीच काढलं, तांदूळ झटकले, आणि मुडीत घातलं. म्हणून तुला त्या पुस्तकाच्या शिवणीत तांदळाचे दाणे मिळाले. तू विचारलंस, हे काय? मी म्हटलं, उंदीर असतील. उंदीर नव्हते, मी होते.

मग तू मुडी उघडलीस. तुला भात वाटलं होतं, पुस्तकं निघाली. एकेक उचललंस, बाजूला ठेवलंस. राणीच्या बुकाला कव्हरच नाही. गुरांच्या पुस्तकाचा तू वास घेतलास, ते नको होतं करायला. मग म्हणालास, "ही कपाटात ठेवायची? ह्यांचं काय शिल्लक राहिलंय?"

धाकलू हात जोडून पुढं झाला ते तुला आठवतं. तो काय म्हणाला ते घाईत तुला कळलं नाही, आणि मी तेव्हा सांगितलं नाही. त्याला वाटलं तू म्हणतोस, सवाई कमी पडली. पानं झिजली हा गुन्हा असतो हे त्याच्या डोक्यातच नाही. बियाणं पेरल्यावर ते बियाणं कसं राहील? तो म्हणत होता, "पावणं, ह्या वर्साला हिरडा कमी झाला, शाई फुरली न्हाई. फुडल्या वर्साला वाडवून देऊ. आमी बुडवनार न्हाई." सगळं गाव मान खाली घालून उभं, आपण पाहुण्याचं देणं नीट फेडलं नाही म्हणून.

मला तेव्हा तुझा राग यायला पाहिजे होता. नाही आला. तू जहाजाचं पुस्तक हातात घेतलंस म्हणून नाही आला. ते आपलं आपण उघडलं, तुझ्याही हातात. आणि तू ओरडलास, "हा तपकिरी डाग कुणी पाडला?"

मी म्हणाले, "आबांनी."

तपकीर ओढत ओढत वाचायचे ना, वादळ आलं की शिंक यायची. दिग्गीनं त्या डागावर हळद लावली असेल, पण खालचा डाग घरचाच. आणि त्याच पानाचा खालचा कोपरा नाही, तो कुणी खाल्लाय विचारलंस. तो तू खाल्लायस. भीती वाटली की तू पान तोंडात धरायचास. आबांनी मारलं होतं तुला, आणि मग स्वतःच रडले होते. हे पुस्तक कधी कोरं नव्हतंच, अण्णा. मी पेटी नेली तेव्हाही ते वादळातच उघडत होतं.

तू पुस्तक मिटलंस. मग जेवायला बसलास. पुतळीनं तुला कंदाची भाजी वाढली, ती दोनदा घेतलीस हे मी बघितलं. सकाळी गाडी जुंपली तेव्हा सगळी पुस्तकं ओसरीवर तशीच ठेवलीस आणि एक जहाजाचं तेवढं काखेत मारून गाडीत बसलास. मला 'येतो' म्हणालास की 'जातो', ते बैलाच्या घुंगरांत ऐकू आलं नाही. तीच हुरहूर लागलीय.

फुला ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. धाकलू गाडीमागं धावला. तुला विचारलं, "उसनं न्हेताय न्हवं?" तू मान डोलावलीस. त्यानं मुडीची एक काडी मोडून तुझ्या हातात दिली, तू ती आशीर्वादाची समजून कोटाच्या खिशात घातलीस.

खिशात घातलीस ना? मग झालं. देणं बसलं. धाकलू हसत परत आला आणि सुनेला म्हणाला, "गप गो. मास्तरांचा ल्योक हाय, बुडवायचा न्हाई." आणि सगळी दिग्गी ढोल वाजवत कापणीला गेली. इतके निर्धास्त गेले की काळजी करायला मी एकटीच उरले.

पेरणीआधी फेडायचं असतं. अक्षय तृतीयेपर्यंत. मी तुला आठवण करणार नाही. तुला तो कोट धुवायला टाकायच्या आधी खिसे बघायची सवय आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

रुकू


दिग्गी, वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८३४

अण्णा,

हे पत्र दिग्गीहून लिहितेय, धाकलूच्या अंगणात बसून, हिरड्याच्या शाईनं. अक्षर वाईट आलं तर शाईला दोष दे.

सगळा पौष गेला, माघ गेला. तुझं पत्र नाही. मी टपालवाल्याला बघून बघून त्याची चाल ओळखायला लागले. होळीला फुला आली, तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. धाकलू मात्र दर बाजाराला निरोप द्यायचा, "घाई न्हाई म्हनावं. पेरनीला येळ हाय." मालक एकदा म्हणाले, "तुझ्या भावाला काडीचा अर्थ तू सांगायला नको होतास. आता फेडलं तरी तुला वाटणार, भीतीनं फेडलं." त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि परवा पार्सल.

मी दुकानात फोडलं नाही. तसंच उचललं आणि मालकांना म्हटलं, मी दिग्गीला चालले. ते म्हणाले, "एकटी?" आणि दुकानाला कुलूप लावून बरोबर आले. धंद्याचं काम नसताना त्यांनी दुकान बंद केलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच.

इथं सगळे जमले. धाकलूनं सुतळी कापली. वर तुझी नवी पुस्तकं, कोरी, करकरीत, काचेच्या कपाटातल्यासारखी. त्यांना कुणी हात लावला नाही. सगळ्यांची नजर खाली. खाली जहाजाचं बुक, आणि त्यावर ती पेंढ्याची काडी, सुतानं बांधून परत पाठवलेली. धाकलूनं काडी उचलली, डोळ्यांना लावली आणि चुलीत टाकली. देणं फिटलं.

मग फुलानं पुस्तक मांडीवर घेतलं आणि हात काढला. मला वाटलं, वादळ. पण ते वादळावर उघडलं नाही. मागं उघडलं, तुझ्या पानांवर. तू पानं शिवलीस, अण्णा. तू, ज्याला कधी सदऱ्याचं बटण लावता आलं नाही. दोरा इतका ओढून आवळलायस की पुस्तक आता तिथं आधी उघडतं.

फुलानं वाचलं. एका मास्तरांच्या घरी दोन मुलं होती, इथून सुरुवात. भाऊ पान खायचा हे आलं, तेव्हा पोरं हसून लोळली. शिंकेचं आलं. मग बाप गेल्यावर भाऊ-बहीण एका पेटीवरून भांडले, हे आलं. पुतळीचं मुसळ थांबलं. भाऊ घरी येऊन पेटी ठेवायच्या रिकाम्या फडताळासमोर रोज उभा राहायचा आणि कुणाला सांगायचा नाही, तेही आलं. मला हे माहीत नव्हतं रे. तुला पुस्तकं हवी होती असं मला वाटायचं. तुला वादळ ऐकायचं होतं आणि वाचून दाखवायला घरात कुणी उरलं नव्हतं. मी पेटी नेली आणि आवाजही नेला.

मी रडले. आक्काला रडताना इथं कुणी बघितलं नव्हतं, ते बघायला मागचे पुढं सरकले. पुतळीनं उखळाकडून विचारलं, "मग त्यो भाव आला काय?" फुलानं पान उलटलं. पुढं काही नाही. तू तिथंच थांबलास. सवाईपुरतं लिहिलंस आणि थांबलास, लबाडा.

धाकलू म्हणतो, गोष्ट अर्धी ठेवली म्हणजे माणूस परत येणार. पुतळी म्हणते, यायलाच पायजे, मुसळ हातात धरून किती दिवस थांबायचं?

काल दिवसभरात फुलाला तुझी पानं तीनदा वाचायला लावली. आज सकाळी आणखी एकदा. आता भांडणाची जागा कळावी म्हणून पुतळीनं तिथं हळदीचं बोट लावलंय, आणि पेटीच्या ओळीवर कुणाच्या तरी हातचं तेल सांडलंय. तुझं पान मळायला लागलंय, अण्णा. मी पुसायला गेले तर फुलानं माझा हात धरला.

तुझी,
रुकू